घर सोडलेल्या गाडगेबाबांनी दवाखान्याजवळ छप्पर का बांधलं?

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. दरवर्षी या दिवशी आपल्या गावोगावी सकाळी झाडू निघतात, त्यांचे फोटो निघतात आणि दुपारपर्यंत ते फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. झाडणं चांगलंच आहे, त्यात वाईट काही नाही. पण बाबांचं अर्धं काम खराट्याचं होतं आणि अर्धं दगड-विटांचं. त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

मला ही गोष्ट आधी पुस्तकातून कळली नाही, फुटपाथवर कळली. काही वर्षांपूर्वी माझ्या काकांना तोंडाचा कर्करोग निघाला. पन्नास वर्षं खर्रा खाल्लेला माणूस. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितले, म्हणजे रेडिएशन. सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, दररोज काही मिनिटं. उपचार सरकारी योजनेत बसला. पण राहणं कोणत्याच योजनेत बसत नव्हतं. काका भरती नव्हते, त्यामुळे खाट नाही. लॉजचं एका रात्रीचं भाडं ऐकून काकूने पदर तोंडाला लावला. नऊ रात्री आम्ही दवाखान्याबाहेरच्या फुटपाथवर काढल्या. घसा भाजलेला माणूस, वरून धूळ आणि रातभर गाड्यांचा आवाज.

आमच्या शेजारी एक नवरा-बायको होते, दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी बाबांकडे येऊ.

शेंडगावचा डेबू

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. दारूने शरीरही पोखरलं आणि संसारही. डेबू लहान असतानाच ते गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला.

म्हणजे छप्पर जाणं म्हणजे काय, हे डेबूला समज यायच्या आतच कळलं होतं. आधी आजार येतो, मग घर जातं. कधी आधी घर जातं, मग आजार येतो. पण एक आलं की दुसरं मागून येतंच. आपल्या इकडच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. किती घरं एका ऑपरेशनपायी वावर विकून बसली, ते प्रत्येक गावात माहीत आहे.

दापुऱ्याला डेबूने मामाची गुरं राखली, नांगर धरला, वावरात राबला. पोरगा कष्टाला वाघ. पुढे मामा सावकाराच्या कर्जात अडकले आणि जमीन हातची जायची वेळ आली. मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या डेबूला त्या दिवसांत एक गोष्ट पक्की समजली, की आपल्याला अक्षर येत नाही म्हणून आपल्याला लुटतात. बाबा पुढे आयुष्यभर प्रत्येक कीर्तनात कर्ज काढून सण करू नका आणि लेकरांना शिकवा हे सांगत राहिले, त्याचं मूळ या दापुऱ्याच्या वावरात आहे.

लग्न लहान वयातच झालं, बायको कुंताबाई. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण पाहिजे होतं. डेबूजींनी गोडाचं जेवण दिलं. लोक रागावले, नावं ठेवली. पण बापाला दारूने जाताना पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या पेल्यात दारू कशी ओतणार?

घर सोडलं, ते परत न येण्यासाठी

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. वय २८. अंगावर चिंध्यांचं गोधडीवजा कापड, डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर, हातात खराटा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. त्या खापरातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन-पाऊस आला की तेच डोक्यावर. त्या गाडग्यावरून नाव पडलं गाडगेबाबा. कुठे गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा.

बारा वर्षं असेच गावोगाव फिरले. आज आपण त्यांना संत म्हणतो, हार घालतो. पण त्या बारा वर्षांत लोकांनी त्यांच्याकडे काय म्हणून पाहिलं असेल, याचा विचार करा. चिंध्या घातलेला, पत्ता नसलेला, कुठेही झोपणारा माणूस. आज असा माणूस आपल्या गावच्या बस स्टँडवर दिसला तर आपण त्याला हाकलतो, नाहीतर पोलिसांना फोन करतो. बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घेत. गटार मोकळी करत. कुणाच्या घरची लाकडं फोडून देत. मग भाकर मागत. कामाशिवाय भाकर घ्यायची नाही हा त्यांचा नेम होता. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

घरच्यांनाही त्यांनी काही वेगळं ठेवलं नाही. कुंताबाई आणि मुलं झोपडीतच राहिली. पुढे लाखो रुपयांच्या इमारती उभ्या झाल्या तरी बाबांच्या घरच्यांना त्यात जागा मिळाली नाही. यावर घरच्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. संत व्हायची किंमत फक्त संतच मोजत नाही, त्याची बायको-पोरंही मोजतात. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

चिखलातून घाट, घाटातून धर्मशाळा

बाबांचं पहिलं मोठं बांधकाम आपल्याच जिल्ह्यातलं आहे. भातकुली तालुक्यात ऋणमोचनला पूर्णा नदीच्या काठी पौषात जत्रा भरते. पूर्णेच्या काठची काळी माती कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. पाय ठेवला की गेला. म्हातारी माणसं, डोक्यावर लेकरं घेतलेल्या बाया त्या चिखलात घसरायच्या. बाबांनी स्वतः कुदळ हातात घेतली आणि लोकांना कामाला लावलं. १९०८ च्या सुमारास तिथे घाट झाला.

मग पंढरपूर. आषाढीला लाखो माणसं एका लहान गावात येत. ज्याच्याजवळ पैसा, त्याला वाडा. ज्याच्याजवळ नाही, त्याला चंद्रभागेचं वाळवंट. वरून पाऊस, खाली ओल, तेच पाणी अंघोळीला, तेच प्यायला. इंग्रजांच्या काळात पंढरपूरच्या यात्रेत पटकी, म्हणजे कॉलरा, वारंवार पसरायचा आणि वारकरी तो आपापल्या गावाला घेऊन जायचे. उघड्यावर झोपणं आणि आजारी पडणं यांचा संबंध समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. बाबांचा खराटा म्हणजे नुसती शिस्त नव्हती, ते औषधच होतं. कॉलरा घाणीतून पाण्यात जातो आणि पाण्यातून पोटात. घाण उचलली की ती वाट तुटते.

त्यातही एक वर्ग असा होता की पैसा असला तरी त्याला छप्पर मिळत नव्हतं. अस्पृश्य म्हणून धर्मशाळांची दारं बंद. बाबांनी १९१७ ला पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाव मुद्दाम त्या संताचं, ज्याला देवळाच्या पायरीपर्यंतच येता आलं. पुढे ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मग पंढरपूरलाच मराठा धर्मशाळा झाली. देहू, आळंदी, नाशिक इथेही धर्मशाळा झाल्या. नाशिकला अंध-अपंगांसाठी सदावर्त सुरू झालं.

पैसा कुठून आला? कीर्तनातून. लोक द्यायचे. बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. हिशेब दुसऱ्यांनी ठेवायचा, इमारत झाली की ती विश्वस्तांच्या हवाली करायची आणि आपण खराटा घेऊन पुढच्या गावाला निघायचं. इतक्या धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः बाबा बाहेर कुठेतरी झाडाखाली, ओट्यावर पडायचे.

जे. जे. जवळची धर्मशाळा

आता मुख्य गोष्टीवर येतो. मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ सालचं. परळचं के. ई. एम. १९२६ चं आणि टाटा रुग्णालय १९४१ चं. म्हणजे गरिबाला मोठा डॉक्टर मिळायची सोय मुंबईत झाली होती. विदर्भ, खानदेश, कोकण, मराठवाडा, सगळीकडून आजारी माणसं यायची. आजही येतात.

पण खेड्यातला आजारी माणूस एकटा येत नाही. त्याच्यासोबत बायको असते, भाऊ असतो, कधी तान्हं लेकरू असतं. खाट मिळते ती एकाला. बाकीचे व्हरांड्यात, झाडाखाली, फुटपाथवर. भरती करून घेतलं नाही तर आजारी माणूसही तिथेच. ऑपरेशन झालं, सुट्टी दिली, आठ दिवसांनी टाके काढायला या म्हटलं. आठ दिवस जायचं कुठं? गाव दूर, परत यायला भाडं नाही. मग टाक्याची जखम घेऊन फुटपाथवर. तिथे ना स्वच्छ पाणी, ना संडास. जखम चिघळते. माणूस पुन्हा भरती होतो, नाहीतर कंटाळून गावाला जातो आणि औषध अर्धवट सुटतं.

बाबांनी यावर इलाज केला तो डॉक्टरचा नव्हे, गवंड्याचा. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. तोवर बाबांचं वय ७८ झालं होतं आणि तब्येत साथ देत नव्हती. त्याआधी दोन वर्षं, ८ फेब्रुवारी १९५२ ला, गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली होती. आपल्यामागे हे सगळं कुणाच्या खासगी मालकीचं होऊ नये, हा त्यामागचा विचार.

एक गोष्ट लक्षात घ्या. त्याआधीच्या मोठ्या धर्मशाळा बहुतेक तीर्थाच्या ठिकाणी होत्या, जिथे देव तिथे. ही दवाखान्याजवळ होती. आयुष्यभर देव दगडात शोधू नका, नवसाला बकरं कापू नका असं सांगणाऱ्या माणसाने शेवटी शेवटी दवाखान्यालाच तीर्थ मानलं, असं मला वाटतं.

त्यांच्या शिकवणुकीतल्या दहा कामांची यादी शाळेच्या भिंतींवर आपण पाहतो. त्यात पाचवं काम बेघरांना आसरा देण्याचं आहे. आणि त्याला लागूनच सहावं, अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार देण्याचं. मी हे शंभर वेळा वाचलं असेल. पण पाच आणि सहा शेजारी शेजारी का आहेत, ते त्या फुटपाथवर बसल्यावर डोक्यात शिरलं. पाचवं नसेल तर सहावं टिकत नाही.

छप्पर नसेल तर औषध का चालत नाही

हे जरा उलगडून सांगतो, कारण हे आपल्या आसपास रोज घडतं.

क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. मधेच सोडल्या तर रोग परत उठतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. ज्याचा आज मुक्काम इथे आणि उद्या दुसऱ्या गावाला, त्याच्या हातात महिन्याच्या गोळ्या कोण देणार? साखरेच्या आजाराचं इन्सुलिन थंड जागी ठेवावं लागतं. फ्रीज सोडा, ज्याला सावली नाही तो कुठे ठेवणार? किमोथेरपी घेतलेल्या माणसाची रोगाशी लढायची ताकद कमी होते, त्याला स्वच्छ पाणी आणि स्वच्छ अंथरूण औषधाइतकंच लागतं. आणि योजनेचा लाभ घ्यायचा तर कागद लागतो. कागदावर पत्ता लागतो. ज्याचा पत्ताच नाही, त्याचा कागद कुठून येणार?

हे फक्त मुंबईचं दुखणं समजू नका. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दरवर्षी आपल्या तालुक्यांत कामाला उतरतात. वावराच्या धुऱ्यावर, नाहीतर गावाबाहेर ताडपत्रीचं पाल टाकून राहतात. लेकराचं लसीकरणाचं कार्ड धारणी-चिखलदऱ्याकडे आणि लेकरू आपल्या वावरात. आशाताई घरोघरी जातात, पण पालाला घर नंबर नसतो. नाथजोगी, पारधी यांच्या पालांचंही तेच. तिथली बाई बाळंत झाली तर कुणाच्या रजिस्टरात येते? माझ्याच वावराच्या धुऱ्यावर दोन वर्षांपूर्वी असं एक पाल होतं. कापूस वेचून झाला, ते निघून गेले. त्यांच्या तापाने फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे नेलं का, हे मी विचारलंच नाही. मी त्यांच्याकडून किती किलो कापूस आला तेवढंच विचारलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

वलगावच्या पुलाजवळ

८ नोव्हेंबर १९५६ ला बाबांनी मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे कीर्तन केलं. ते शेवटचं ठरलं. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला आहे, त्यामुळे आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. बाबांची तब्येत खालावलेलीच होती. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच त्यांनी प्राण सोडला.

५१ वर्षांपूर्वी घर सोडलेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला. कुठल्या खोलीत नाही, आपण बांधलेल्या धर्मशाळेतही नाही. अमरावतीला त्यांची समाधी आहे. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आहे. ही सगळी नावं असू द्या. पण दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा चालते, तिथे देशभरातले टाटाचे रुग्ण येऊन राहतात. बाबांचं खरं स्मारक मला तेच वाटतं.

आमच्या शेजारच्यांचं काय झालं

दहाव्या दिवशी दवाखान्यातल्या एका सफाई कामगार ताईंनी आम्हाला एका धर्मशाळेचा पत्ता सांगितला. केस पेपर दाखवला, दोन दिवस थांबलो आणि जागा मिळाली. एक खाट, एक चटई, खाली स्वयंपाकाची सोय. काकूने पहिल्या दिवशी पातळ खिचडी शिजवली. काकांनी दहा दिवसांनी पोटभर खाल्लं. शेक पूर्ण झाले. त्यानंतर काका तीन वर्षं जगले, नातीचं लग्न पाहून गेले.

शेजारच्या नवरा-बायकोला आम्ही तो पत्ता सांगायला परत फुटपाथवर गेलो, तर जागा रिकामी होती. चहावाल्याने सांगितलं, कालच गावाला गेले. अर्धे शेक राहिले होते. त्यांचा फोन नंबर घेतला नव्हता. आम्ही दोन दिवस आधी गेलो असतो तर, हा विचार अजूनही मनात येतो.

म्हणून वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगतो. एक, मोठ्या दवाखान्यात रुग्णाला नेलं तर पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागाची खिडकी शोधा. बहुतेक मोठ्या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात. जवळच्या धर्मशाळा कोणत्या, पत्र कुणाचं लागतं, हे त्यांना विचारा. रुग्णाचं आधार कार्ड, रेशनकार्ड, केस पेपर आणि त्यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. काही झालं तरी उपचार अर्धवट टाकून गावाला येऊ नका.

दुसरी गोष्ट गावच्या पुढाऱ्यांसाठी, सरपंचांसाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी. पुण्यतिथीला फ्लेक्स लागतात, हार येतात, जेवणावळी होतात. त्या पैशातून आपल्या तालुक्याच्या दवाखान्याजवळ आठ-दहा माणसं झोपतील एवढी पत्र्याची शेड, नळ आणि संडास होऊ शकतो. मेळघाटातून, दूरच्या खेड्यांतून बाळंतपणाला येणाऱ्या बाईची सासू बाहेर थंडीत बसते, तिला तिथे टेकता येईल. यंदा थंडी चांगलीच पडली आहे. २० तारखेला सकाळी गाव झाडून झालं की खराटा ठेवायच्या आधी एक चक्कर तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारात मारा. बाहेर किती माणसं झोपली होती, ते मोजा.